भाचा जर्मनीला गेला, आता वेबसाइटचं काय?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. पुण्यातल्या एका पेठेतल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाची मी मानद चिटणीस आहे, बँकेतून रिटायर झाल्यावर हे काम अंगावर घेतलं. आमची वेबसाइट एका सभासदांच्या भाच्याने करून दिली होती, सहा-सात पानं, साधं एचटीएमएल. आता तो जर्मनीत असतो. काही बदलायचं तर त्याला मेल करायचा, तो बिचारा करतो पण आठ-दहा दिवस जातात. गेल्या वर्षी दिवाळी अंक योजनेची सूचना साइटवर आली तेव्हा लोकांच्या घरचा फराळसुद्धा संपला होता. आता कार्यकारिणीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक जण म्हणतो वर्डप्रेसमध्ये करू, वीस-बावीस प्लगइन, म्हणजे जादा सोयींच्या जोडण्या, टाकू, सगळं मोबाइलवरून चालेल. दुसरे आमच्या एका विश्वस्तांचे जावई, त्यांची आयटी कंपनी आहे, ते म्हणतात खास तुमच्यासाठी स्वतंत्र सीएमएस लिहून देतो. अध्यक्ष म्हणतात फेसबुक पेज पुरे. आम्हाला हवंय ते असं: सूचना, व्याख्यानमालेचे कार्यक्रम, ३८ हजार पुस्तकांची यादी शोधता यावी, वर्गणी ऑनलाइन भरता यावी, आणि पानशेतच्या पुरातून वाचलेली जुनी रजिस्टरं स्कॅन करून टाकावीत. काम करणार मी, आमचे ग्रंथपाल (ते मराठी श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात) आणि एक अर्धवेळ मुलगी. आम्हाला सीएमएसची खरंच गरज आहे का, की आपलं सगळे करतात म्हणून करायचं? नाव छापू नका, पेठेत सगळे ओळखतात.

उत्तर:

ताई, नाव नाही छापत, पण तुमच्या पत्राची एक प्रत कार्यकारिणीच्या फायलीला लावून ठेवा, कारण दोन्ही प्रस्ताववाल्यांनी जे तुम्हाला विचारायला हवं होतं ते तुम्ही शेवटच्या तीन-चार वाक्यांत न विचारताच सांगून टाकलंय, म्हणजे काम करणार कोण आणि त्यांना काय जमतं. सीएमएस घ्यावी की नाही हे त्याच्यावरच ठरतं. वर्डप्रेस चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा.

सीएमएस, म्हणजे कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम, हे काय प्रकरण आहे एवढं आधी दोन ओळीत सांगते, कारण सभेत कोणीतरी विचारणारच. सध्याच्या तुमच्या साइटमध्ये मजकूर आणि त्याची मांडणी एकाच फाइलमध्ये कालवलेली आहे, म्हणून वाचनालयाची वेळ बदलायची तरी कोड उघडता येणारा माणूस लागतो. सीएमएसमध्ये मजकूर एका डेटाबेसमध्ये राहतो, दिसणं थीममध्ये राहतं, आणि तुम्ही लॉगिन करून फक्त मजकुराला हात लावता. झालं, एवढंच. वर्डप्रेस हे अशा तयार सीएमएसपैकी एक. बाकी जे काय सांगतात ते यावर चढवलेले मजले.

आता आधी एक काम करा. भाच्याला गेल्या वर्षभरात जे जे मेल केले ते काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की काय बदलायचं होतं, आणि जे मेल तुम्ही "जाऊ दे, कशाला त्याला त्रास" म्हणून केलेच नाहीत तेही आठवून लिहा, कारण खरी गरज तिथे लपलेली असते. यादी जर "वेळ बदलली, फोन नंबर बदलला, नवीन कार्यकारिणीची नावं" एवढ्यावर संपली तर तुम्हाला सीएमएस नको. खरंच नको. साधी एचटीएमएलची साइट झटकन उघडते, तिच्यात डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे फोडण्यासारखं फारसं काही नाही, आणि दहा वर्षं कोणी हात लावला नाही तरी ती तशीच चालते. लोक तिला जुनाट म्हणून नाकं मुरडतात पण पोरांना तिच्याइतकं टिकाऊ काही अजून बनवता आलेलं नाही. अशा वेळी भाच्याऐवजी जवळपासचा कोणीतरी कॉलेजचा मुलगा धरायचा आणि वर्षातून चार वेळा त्याला चहा पाजायचा.

पण तुमच्या पत्रावरून मला यादी लांब होणार असं दिसतंय. दिवाळी अंक योजना, व्याख्यानमाला, मे महिन्यातली बालवाचकांची शिबिरं असणारच, सुट्ट्या, नवीन आलेली पुस्तकं, वार्षिक सभेची नोटीस. म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा बदल, आणि बदल करणारी माणसं तीन, तिघांनाही कोड येत नाही आणि यायचं कारणही नाही. इथे सीएमएसचा उपयोग आहे. तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, पण तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टींपैकी फक्त दोनसाठी: सूचना आणि कार्यक्रम. बाकीच्या तीन गोष्टी तुम्हाला कोणीतरी एकाच गाठोड्यात बांधून दिल्यात.

सगळ्यात मोठी गोष्ट ती पुस्तकांची यादी. ३८ हजार पुस्तकं वर्डप्रेसमध्ये "पोस्ट" म्हणून चढवतो असं कोणी म्हणालं तर त्याला एकच प्रश्न विचारा, की पुस्तक आत्ता कपाटात आहे की कोणी नेलंय हे साइटला कसं कळणार? त्याला उत्तर देता येणार नाही, कारण ते काम वेबसाइटच्या सीएमएसचं नाहीच. दाखल क्रमांक, देवघेव, कोणाकडे किती दिवस, दंड, आरक्षण, हे सगळं सांभाळायला ग्रंथालयाचं वेगळं सॉफ्टवेअर असतं आणि शोधायचं पान त्याच्याच पोटातून येतं. कोहा नावाचं एक आहे, ओपन सोर्स, लायसन्सचे पैसे नाहीत. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते लिहिलं गेलं, त्यांची जुनी सिस्टीम साल २००० उजाडल्यावर चालणार नव्हती म्हणून, आणि जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं. म्हणजे तुमच्यासारख्याच, कंपनी नसलेल्या, खर्चाला जपणाऱ्या लोकांनी ते करून घेतलंय. आपल्याकडे एनआयसी या केंद्र सरकारच्या आयटी संस्थेचं ई-ग्रंथालय पण आहे, सरकारी ग्रंथालयांत बरंच वापरतात, तुम्हाला मिळतं का ते विचारून बघायला हरकत नाही. ग्रंथपालांना ही दोन्ही नावं बहुतेक माहीत असतील, त्यांना कोणी विचारलं नसेल.

पण कोहा हे घरगुती प्रकरण नाही हेही सांगते. ते लिनक्सवर चालतं, साध्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) बसत नाही, त्याला वेगळा सर्व्हर लागतो आणि बसवायला माहीतगार माणूस लागतो. आणि त्याहून मोठं काम म्हणजे ३८ हजार नोंदी भरणं, ते तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये आपोआप होत नाही. तुमच्या नोंदी आज कुठे आहेत ते पत्रात नाही. एक्सेलमध्ये असतील तर निम्मं काम झालं. दाखल नोंदवहीत हाताने लिहिलेल्या असतील तर तो वेगळा प्रकल्प आहे, त्याचं वेगळं बजेट, वेगळी माणसं, आणि तो वेबसाइटच्या कोटेशनमध्ये "कॅटलॉग मॉड्यूल" अशा एका ओळीत आला असेल तर ती ओळ खोडा. तोवर वेबसाइटवर काय? तर नवीन आलेल्या पुस्तकांची यादी दर महिन्याला एका पानावर, लेखक, नाव, प्रकाशक, बस. सभासद तेच बघतात. आणि पुढे कोहा झालं की साइटच्या मेनूमध्ये "पुस्तक शोधा" असं एक बटण, दाबलं की तिकडे. दोन वेगळी घरं, मध्ये एक दार. अध्यक्षांना हे सांगताना आवाज चढवू नका, ते ऐकतील.

वर्गणीचं सोपं आहे. त्यासाठी ऑनलाइन दुकानाचं प्लगइन कशाला? तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला कळेलच, पैसे येणं सोपं असतं, कोणाचे आले ते जुळवणं कठीण. म्हणून नुसता यूपीआयचा क्यूआर लावून मोकळं होऊ नका, पेमेंट गेटवेवाले (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपन्या) एक तयार पान देतात ज्यात सभासद क्रमांक टाकल्याशिवाय पैसे भरता येत नाहीत, त्या पानाची लिंक साइटवर द्या. कार्डाचे, बँकेचे तपशील तुमच्या साइटला शिवतच नाहीत, रात्री झोप लागते. आणि सभासदांची नावं-पत्ते-फोन यांची यादी साइटवर, अगदी लॉगिनच्या मागेसुद्धा, ठेवू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

रजिस्टरांचं म्हणाल तर १९६१ च्या पुराचं पाणी लागलेले कागद आहेत ते, आधी नीट हाताळून चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन होऊ देत, दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी, शक्यतो नदीपासून लांब. साइटवर टाकायचं ते नंतर. दोन-चार पानांचे फोटो आणि खाली माहिती असं एक सुंदर पान केलंत तरी व्याख्यानमालेला येणारी माणसं ते वाचतील. सगळी रजिस्टरं शेकडो एमबीच्या पीडीएफ करून वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत ओतायची नाहीत.

आता मराठीकडे येते, आणि इथे जरा जास्त वेळ घेणार आहे कारण कोटेशन देणारे दोघंही याबद्दल एक अक्षर बोललेले नसणार याची मला खात्री आहे.

ग्रंथपाल श्रीलिपीत टाइप करतात. श्रीलिपी आपल्या पुण्याचीच, कित्येक वर्षांची मराठी छपाई तिच्यावर चालली, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर म्हणजे आतून रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, त्यावर मराठी अक्षरांचे आकार चढवलेले. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर तो मजकूर गिचमिड दिसतो, गुगलला तर तो मराठी आहे हेच कळत नाही. वेबसाइटला युनिकोड लागतं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असणारी पद्धत, दुसरा मार्ग नाही. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही सोय आहे, पण बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. आणि नवीन मजकूर थेट युनिकोडमध्ये टाइप करायची सवय ग्रंथपालांना लावायची, विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, मोबाइलवर गुगलचा कीबोर्ड आहे. महिनाभर चिडतील. मग बसेल हात.

हे टाळायला काय होतं माहितीये का, सूचना श्रीलिपीत टाइप करायची, प्रिंट काढायची, तिचा फोटो काढायचा आणि तो फोटो साइटवर चढवायचा. पुण्यातल्या निम्म्या संस्थांच्या साइट मी अशा बघितल्यात. मोबाइलवर तो फोटो दोन बोटांनी ताणून वाचावा लागतो, गुगलमध्ये सापडत नाही, आणि ज्या दृष्टिहीन सभासदाचा फोन त्याला पान वाचून दाखवतो त्याचा फोन तिथे गप्प बसतो. असंच करायचं असेल तर सीएमएसवर एक रुपया घालवू नका, फोटो टाकायला अध्यक्षांचं फेसबुक पेज पुरतं.

आणखी एक, पत्त्याचं. वर्डप्रेसमध्ये मराठी मथळा लिहिला की पानाचा पत्ता आपोआप मराठीत तयार होतो, ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्केवारीच्या चिन्हांची मालगाडी होते. देवनागरीतलं एक अक्षर, आणि काना-मात्रा पण वेगळ्या धरायच्या, पत्त्यात ९ चिन्हं खातं. नुसतं "वाचनालय" लिहिलं की ६३. आणि वर्डप्रेस २०० ला कात्री लावतं, म्हणजे साधारण २२ अक्षरांत तुमचा मथळा मध्येच तुटतो. उपाय सोपा आहे, प्रत्येक पान प्रसिद्ध करताना पत्त्याच्या रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाकायचे, पण हे त्या अर्धवेळ मुलीला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. नंतर बदलायला गेलात तर आधी पाठवलेल्या लिंका तुटायची भीती.

शोधपेटीचंही ऐका. वर्डप्रेसची मूळची शोधपेटी फार साधी आहे, अक्षरं जशीच्या तशी जुळली तरच सापडतं. "पुस्तक" शोधलं तर "पुस्तकाचं" सापडेल कारण पुढचा भाग तोच आहे, पण "पुणे" शोधलं तर "पुण्यात" सापडणार नाही. त्याच्या वर "दुसऱ्या" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला अगदी एकसारखा पण आतले कोड वेगळे, त्यामुळे ग्रंथपालांनी एका तऱ्हेने लिहिलेलं आणि तुम्ही दुसऱ्या तऱ्हेने शोधलेलं, समोर असून सापडत नाही. शे-दोनशे पानांच्या साइटला याचा फार त्रास होत नाही, मेनू नीट असला की लोक शोधपेटी वापरतच नाहीत. पण पुस्तकांची यादी साइटमध्येच घुसवायला मी का नको म्हणते त्याचं हेही एक कारण. बाकी मराठी वर्डप्रेसला जड नाही, आतले मेनू-बटणंसुद्धा मराठीत करून मिळतात, आणि मुक्तासारखे फुकट, सुवाच्य देवनागरी फॉन्ट आहेत.

आता कोणती घ्यायची.

जावयांची स्वतंत्र सीएमएस नको. जावई हुशार असतील, कंपनीही चांगली असेल, आणि कदाचित पैसेही घेणार नाहीत, तोच तर घोळ आहे. आज तुमची अडचण काय, तर साइट एकाच माणसाला कळते आणि तो लांब आहे. स्वतंत्र सीएमएस म्हणजे तीच अडचण, फक्त भाच्याच्या जागी जावई. उद्या कंपनीला मोठं काम आलं, किंवा ज्याने ते लिहिलं तो इंजिनिअर हिंजवडीतली नोकरी सोडून गेला, तर दुसरा कोणी त्या कोडला हात लावायला तयार होत नाही, पहिलं वाक्य हेच बोलतो की हे सगळं पाडून नवीन करावं लागेल. शिवाय विश्वस्तांचे जावई म्हटल्यावर तक्रार कोण करणार? वेगळं, विचित्र असं काही काम असेल तर स्वतंत्र लिहून घेण्यात अर्थ असतो. सूचना लावणं हे विचित्र काम नाही.

वर्डप्रेस घ्या. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते काढलं, आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर आहेत. मी ते सुचवते ते ते सगळ्यात सुंदर आहे म्हणून नाही, तसं ते नाहीच, तर पुण्यात कुठल्याही गल्लीत ते येणारा माणूस सापडतो म्हणून. आजचा माणूस सोडून गेला तर आठवड्यात दुसरा मिळतो. तुमच्यासारख्या संस्थेला याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं वैशिष्ट्य नाही. वर्डप्रेससारखंच दुसरं, ड्रुपल, भक्कम आहे, पण ते विद्यापीठं, सरकारी खाती अशा मोठ्या पसाऱ्यांना शोभतं, आणि त्याची मोठी आवृत्ती बदलायची म्हणजे घर बदलण्याइतकी उस्तवार. ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला बंद झाला, त्यावर बसलेल्यांना विचारा. जुम्ला या तिसऱ्याबद्दल मला काही विशेष म्हणायचं नाही. विक्ससारख्या तयार सेवा वापरायला खरंच सोप्या आहेत, अपडेटची कटकट तेच बघतात, पण तिथे केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, दर वाढवले तर द्या नाहीतर पहिल्यापासून करा. वर्डप्रेसमध्ये निदान सगळं सामान आपलं असतं.

मात्र वर्डप्रेस फुकट आहे हे वाक्य सभेत कोणी बोललं की त्याला लिफ्टची आठवण करून द्या. सोसायटीत लिफ्ट बसवायचा खर्च एकदाच, एएमसी (देखभालीचा करार) मात्र दरवर्षी, आणि एएमसी भरली नाही तर ज्या दिवशी आजी आत असतात त्याच दिवशी ती अडकते. सीएमएसचं हुबेहूब तसं. मूळ वर्डप्रेस, थीम आणि प्रत्येक प्लगइन, तिन्हींना अपडेट येत राहतात, ते वेळेवर लावावे लागतात. मूळ वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप लागतात, ते इतकं काळजीचं नाही, भोकं पडतात ती बहुतेक प्लगइनमध्ये. आणि उशीर किती चालतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते, ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये एक मोठं भोक सापडलं तेव्हा त्यांच्याच सुरक्षा टीमने नंतर जाहीर केलं की घोषणेनंतर ७ तासांत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच समजून चालावं. सात तास! आपल्याकडे कार्यकारिणीची सभा बोलवायलाच सात दिवसांची नोटीस लागते.

म्हणून ती वीस-बावीस प्लगइन नकोत. प्रत्येक प्लगइन म्हणजे कुठल्यातरी अनोळखी माणसाचा कोड, तो उद्या कंटाळला तर त्याचे अपडेट बंद. तुम्हाला एक संपर्काचा फॉर्म, एक बॅकअप, एक साइट जलद उघडायला, फार तर एक कार्यक्रमांच्या कॅलेंडरसाठी. चार-पाचात भागतं. पाचव्याच्या पुढे प्रत्येकासाठी वर्डप्रेसवाल्याने कारण लिहून द्यावं. महागडी थीम कुठूनतरी "फुकट मिळवलेली" असेल तर अजिबात नको, अशा चोरट्या थीममध्ये बऱ्याचदा मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. आणि लॉगिन तिघांचं वेगवेगळं हवं, एकच पासवर्ड तिघांत फिरवायचा नाही. वर्डप्रेसमध्ये अधिकारांचे स्तर असतात: मुलीला "कॉन्ट्रिब्युटर" केलं तर ती मसुदा लिहू शकते पण प्रसिद्ध करू शकत नाही, फोटोही चढवू शकत नाही, "ऑथर" केलं तर दोन्ही जमतं. तुम्ही आणि ग्रंथपाल "एडिटर". सगळ्या चाव्या असलेलं "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" खातं संस्थेच्या ईमेलवर, रोज वापरायचं नाही.

ठराव करायच्या आधी एक चाचणी घ्या, पैसे लागत नाहीत. वर्डप्रेस प्लेग्राउंड म्हणून एक सोय आहे, ब्राउझरमध्ये उघडलं की तिथल्या तिथे एक कोरं वर्डप्रेस सुरू होतं, काही इन्स्टॉल करायला नको, बंद केलं की पुसलं जातं. एका संध्याकाळी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ते उघडा आणि ग्रंथपालांना म्हणा, दिवाळी अंक योजनेची सूचना युनिकोडमध्ये लिहा, एक फोटो लावा, आणि मग वेळ बदलून दाखवा. तुम्ही शेजारी बसा पण माउसला हात लावू नका. तासाभरात त्यांना जमलं आणि त्यांनी "बरं आहे की" असं काही म्हटलं तर पुढे जा. त्यांना ते नकोच असेल, नजर सारखी घड्याळाकडे असेल, तर कुठलीही सीएमएस घ्या, ती तीन महिन्यांत धूळ खात पडणार, मग तुम्ही आणि ती मुलगी दोघींनीच ते करायचं हे आधी मान्य करा, किंवा साधी साइट आणि जवळचा मुलगा या मार्गाला या. त्यात कमीपणा काही नाही.

अध्यक्षांचं फेसबुक मी अगदीच उडवून लावत नाही. लोक वाचनालयाची वेळ बघायला वेबसाइटवर येत नाहीत, गुगल मॅपवर बघतात. तिथलं बिझनेस प्रोफाइल संस्थेच्या नावावर घ्या आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा वेगवेगळ्या टाका, दुपारी बंद असतं हे पुणेकराला सांगावं लागत नाही पण बाहेरगावच्या माणसाला लागतं. हे काम आजच होईल, ठरावही लागणार नाही. फेसबुकवर फोटो टाका खुशाल, फक्त मूळ सूचना साइटवर आणि तिची लिंक तिकडे, उलट नको.

आणि भाच्याला आज रात्रीच मेल करा, तो चांगला मुलगा आहे असं दिसतंय. डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) कोणाच्या नावावर आहे, कुठल्या कंपनीकडे आहे, मुदत कधी संपते, हे तीन प्रश्न. माझा अंदाज, ते त्याच्याच वैयक्तिक ईमेलवर आहे, सगळीकडे असंच असतं. ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर करून घ्या, नवीन साइटचं काम सुरू व्हायच्या आधी, कारण डोमेन हातात नसेल तर बाकी सगळी चर्चा हवेत आहे. होस्टिंगही संस्थेच्या नावाने, संस्थेच्या खात्यातून, आणि पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर नको, दुसऱ्या वर्षीचा दर विचारा, तो बराच वेगळा निघतो.

वर्डप्रेसवाल्याकडून कोटेशन परत मागवा, कॅटलॉग आणि दुकान वगळून. त्यात देखभालीचा वार्षिक आकडा वेगळा, बॅकअप कुठे आणि किती दिवसांनी, तो परत बसवून दाखवणार का, जुन्या श्रीलिपी मजकुराचं रूपांतर कोण तपासणार, आणि तिघांना शिकवायला किती वेळ देणार, हे लिहून घ्या. निम्मे पैसे काम सुरू करताना, थोडे साइट दिसायला लागली की, आणि शेवटचा हप्ता ग्रंथपालांनी एकट्याने, कोणाला न विचारता, एक सूचना साइटवर लावून दाखवल्यावरच द्यायचा अशी अट घाला.